गुडघा बदलला, पण लघवी का अडली?

एका वाचकाने विचारलं आहे: 'वडिलांचा गुडघा बदलला. संध्याकाळी पाय हलू लागला, पण लघवी होईना. गुडघ्याचा आणि लघवीचा संबंध काय?'

संबंध गुडघ्याशी कमी, भुलीशी जास्त. मणक्यात दिलेल्या इंजेक्शनाने पायांबरोबर मूत्राशयाच्या नसाही बधिर होतात. त्या सर्वांत खालून, त्रिकास्थीतून निघतात. भूल वरून खाली उतरत येते, त्यामुळे नळाच्या लाइनीतल्या टोकाच्या घरासारखी त्यांची जागं होण्याची पाळी शेवटी येते. मूत्रपिंडं मात्र थांबलेली नसतात. त्यात सलाइनची भर. एरवी 300-400 मिलीला लागणारी लघवी लागतच नाही आणि मूत्राशय ताणत जातं. इंजेक्शनात मॉर्फिन मिसळलं असेल किंवा प्रोस्टेट वाढलेली असेल, तर अडचण आणखी वाढते.

या भुलीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ऑगस्ट 1898, जर्मनीतलं कील. सर्जन ऑगस्ट बियर यांनी मणक्यात कोकेन टोचून घ्यायचं ठरवलं; पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि मणक्यातलं पाणीच गळून गेलं. मग त्यांचा साहाय्यक हिल्डेब्रांट स्वतः आडवा झाला. भूल चढल्यावर बियर यांनी त्याच्या नडगीवर हातोडी मारली, पायाला पेटती सिगार लावली. दुखलं नाही! पुढे दोघांनाही डोकेदुखीने छळलं. इतिहासाने नाव लक्षात ठेवलं ते बियर यांचं. नडग्या मात्र हिल्डेब्रांटच्या सुजल्या.

मग लघवी अडू नये म्हणून सगळ्यांनाच आधीपासून लघवीची नळी घालून ठेवावी का? पूर्वी अनेक ठिकाणी तसंच चाले. पण नळी जितकी जास्त वेळ राहील, तितकी जंतुसंसर्गाची भीती मोठी, आणि नव्या सांध्यापर्यंत जंतू पोहोचणं हाडांच्या डॉक्टरांना मुळीच परवडत नाही. उलट मूत्राशय फार वेळ ताणलेलं राहिलं तर त्याचा स्नायू दुबळा होतो. म्हणून छोट्या सोनोग्राफी यंत्राने किती मिली साठलंय ते पाहायचं, गरज असेल तरच नळी घालायची आणि लवकर काढायची, हा मार्ग शहाणपणाचा.

रोबोटने गुडघा बदलून देण्याच्या जाहिरातींत यातलं काही नसतं. पेशंटच्या दृष्टीने मात्र 'लघवी झाली का?' असं दर काही तासांनी विचारणारी सिस्टर रोबोटइतकीच मोलाची. आणि ऑपरेशन व्हायचं असलेल्या पेशंटला रात्री लघवीला तीनदा उठावं लागत असेल किंवा धार बारीक झाली असेल, तर ते भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच सांगा. संकोच महागात पडतो.