कोपऱ्यातल्या भिडूचे मोल

मधल्या सुट्टीत कबड्डीचा डाव मांडायचा झाला की आधी दोन म्होरके ठरतात आणि मग पाळीपाळीने भिडू मागून घेतले जातात. हे दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. शेवटपर्यंत कोणीच न मागितलेला भिडू होण्याचा अनुभवही काहींच्या गाठीशी असेल. पहिली मागणी असते ती चढाईला जाणाऱ्याला. तो एकटा समोर जातो, दोघांना मारून परत येतो आणि सर्वांना दिसतो. कोपऱ्यात उभे राहून घोटा धरणाऱ्याची आठवण फार उशिरा होते. ही आवड योग्य आहे का, हे आकड्यांनी तपासता येईल का, असा प्रश्न आम्हांला तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मैदानावर पडला.

खरे तर आम्ही त्या भागात गेलो होतो ते भूकंपासाठी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, लहान लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. तेथे भूकंपमापक यंत्रे बसवण्यात आली आणि नोंदींची संख्या झपाट्याने वाढली. ही वाढ पाहून काही जण घाबरले. पण यंत्रे वाढली की पूर्वी निसटणारे बारीक धक्केही पकडले जातात, हे लक्षात घ्यावे लागते. झालेले धक्के आणि नोंदलेले धक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत हेच समजावून सांगत असताना तेथील क्रीडाशिक्षक म्हणाले, "सर, आमच्याकडेही असेच होते. झालेल्या पकडी आणि वहीत आलेल्या पकडी जुळत नाहीत." त्यांना मुलींच्या संघासाठी बारा नावे पाठवायची होती. सात मैदानावर, पाच बाहेर. वहीतल्या गुणांप्रमाणे यादी लावली, तर उजव्या कोपऱ्यात खेळणारी नववीतली एक मुलगी तेरावी येत होती. बाईंचे मत होते की तिला काढले तर संघ कोसळेल. वही म्हणत होती की तिने फारसे काही केलेलेच नाही.

ही बाब क्षुल्लक नाही. शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत जातात. पुढच्या पायऱ्यांवरच्या सहभागाला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. डोंगरपट्टीतल्या एखाद्या वारली मुलीच्या दृष्टीने बारावे आणि तेरावे या क्रमांकांत बरेच अंतर असते.

भिडू मागण्याचा हा प्रकार मोठ्या माणसांनीही उचलला आहे. अमेरिकेत १९६२ साली ओकलंडच्या फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून एक खेळ रचला. प्रत्येकाने खऱ्या संघांतले खेळाडू पाळीपाळीने मागून घ्यायचे, आणि रविवारच्या खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंनी जे केले त्याचे गुण आपल्या कागदी संघाला लावायचे. याला तेथे 'फॅन्टसी फुटबॉल' म्हणतात. त्या पहिल्या खेळातही बचावाच्या गड्यांना जागा होती. त्यांतला 'लाइनबॅकर' हा बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे उभा राहतो. पुढची फळी फोडून आलेला गडी बहुधा त्याच्याच हाती लागतो, म्हणून पाडापाडीचे सर्वांत जास्त गुण त्याच्या नावावर जमतात. तरीही मुरलेले खेळाडू त्याला पहिल्या फेरीत मागत नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्याकडे २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. (ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे दोघांचे वय जवळजवळ सारखे.) तिच्यावरही असे कागदी, किंवा खरे तर मोबाइलवरचे, संघ निघाले. पैसे लावून खेळायचे असे ऑनलाइन खेळ संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केले आणि ते बरेच झाले. पण वर्गात, वहीवर, पैशांशिवाय खेळला तर हा सांख्यिकीचा उत्तम पाठ ठरतो.

सुरुवात सर्वांत सोप्या मापापासून करू. एकूण गुण मोजायचे. प्रदीप नरवालने २०१७ च्या हंगामात २६ सामन्यांत चढाईचे ३६९ गुण मिळवले. नितेश कुमारने २०१८-१९ च्या हंगामात २५ सामन्यांत पकडीचे १०० गुण मिळवले, आणि एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. एका सामन्याला चौदा गुण आणि चार गुण. याचा अर्थ चढाईपटू साडेतीन पट मोलाचा असा होतो का? मुळीच नाही. चढाईला दर वेळी एकच जण जातो आणि चांगल्या चढाईपटूला संघ पुन्हा पुन्हा पाठवतो. पकडीचे गुण मात्र सात जणांत वाटले जातात. शिवाय एका चढाईत दोन-तीन गडी मारता येतात, बोनसही मिळतो; पकडीत मात्र एकच चढाईपटू सापडतो. एकूण गुणांत कौशल्याबरोबर संधीही मोजली जाते, आणि संधी सर्वांना सारखी नसते.

मग टक्केवारी काढू, असे आठवीतल्या एका मुलाने सुचवले. सूचना चांगली आहे, पण तिच्यात खड्डा आहे. समजा, एकीने ४ वेळा पकड केली आणि ३ यशस्वी झाल्या : ७५ टक्के. दुसरीने ४० पकडींपैकी २४ यशस्वी केल्या : ६० टक्के. पहिली श्रेष्ठ का? नाणे चार वेळा उडवून तीन छापे पडले म्हणून आपण नाण्याला दोष देत नाही. निम्म्या वेळी यशस्वी होणाऱ्या खेळाडूने २५ पकडी केल्या, तरी केवळ योगायोगाने तिची टक्केवारी ३० ते ७० मध्ये कोठेही येऊ शकते. शंभर पकडी झाल्या तर ही रुंदी ४० ते ६० इतकी होते. शाळेच्या हंगामात शंभर पकडी कोणाच्याच होत नाहीत.

यावर एक साधी युक्ती आहे. प्रत्येकीला दहा 'उसन्या' पकडी द्यायच्या आणि त्यांतल्या यशस्वी किती हे सर्वांच्या सरासरीवरून ठरवायचे. सरासरी ४० टक्के असेल तर उसन्या दहांतल्या चार यशस्वी. आता पहिलीच्या १४ पैकी ७ झाल्या, म्हणजे ५० टक्के. दुसरीच्या ५० पैकी २८, म्हणजे ५६ टक्के. क्रम उलटला. ज्याच्याविषयी थोडीच माहिती आहे त्याला सरासरीच्या जवळ ठेवायचे आणि माहिती वाढेल तसे त्याला सरासरीपासून सुटू द्यायचे, असा यामागचा विचार आहे. उसन्या पकडी दहाच का? यात थोडी मनाची भर आहे, ती आम्ही लपवत नाही. मुलींच्या कौशल्यात मुळातच मोठे अंतर असेल तर कमी घ्याव्यात, सगळ्या तोलामोलाच्या असतील तर जास्त.

टक्केवारी पकडीचा खर्चही सांगत नाही. पकड साधली तर आपल्याला एक गुण, आणि आपला बाद झालेला एक गडी आत येतो. फसली तर समोरच्यांना गुण, आणि आपला गडी बाहेर. हात लावलाच नाही आणि चढाई रिकामी गेली तर कोणालाच काही नाही. म्हणजे एकटीने केलेली पकड निम्म्याहून अधिक वेळा साधत असेल तरच ती करण्यात अर्थ आहे. दोघींनी मिळून धरले आणि चढाईवाली निसटून रेषेला पोचली तर दोघी बाद. तेव्हा तीनांपैकी दोन वेळा यश हवे. उलट, मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तर पकडीचे दोन गुण मिळतात. याला 'अव्वल पकड' म्हणतात. तेथे तीनांपैकी एकदा जमले तरी गुणांचा हिशेब जुळतो. (शेवटची एकटी उरली असेल तर मात्र फसल्यावर लोणाचे दोन गुण जातात, तो हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.) आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी 'करो या मरो'ची असते. तीत चढाईवालीला गुण मिळाला नाही तर ती आपोआप बाद होते. अशा वेळी उतावळेपणाने झडप घालणारीपेक्षा अंतर राखून तीस सेकंद काढणारी अधिक उपयोगी, पण तिच्या नावापुढे वहीत काहीही लिहिले जात नाही.

वहीत न येणारे आणखीही आहे. कोपऱ्यातली मुलगी घोटा धरते, मध्यरक्षक धडक देऊन चढाईवालीला बाहेर ढकलते, पण गुण एकीच्याच नावावर पडतो. अमेरिकेतल्या लाइनबॅकरचाही हाच वाद आहे. साहाय्याचे गुण कोणाला द्यायचे हे त्या त्या मैदानावरचे नोंदणीदार ठरवतात आणि काहींचा हात सैल असतो. आम्ही वहीत दोन रकाने आखायला सांगितले : 'पहिला हात' आणि 'दुसरा हात'. दोन मुली मैदानाबाहेर बसून लिहू लागल्या. पहिल्याच सरावात त्यांची भांडणे झाली, म्हणून तिसरी नेमली आणि दोघींचे जुळेल तेच घ्यायचे ठरले.

आता पुन्हा भिडू मागण्याकडे येऊ. समजा, सर्वांत चांगला चढाईपटू २०० गुण मिळवणार आणि तो हुकला तर पुढच्या पाळीला मिळणारा १८०. सर्वांत चांगला कोपरारक्षक ८० गुण मिळवणार आणि तो हुकला तर पुढचा ४५. दोनशेचा आकडा मोठा दिसतो. पण चढाईपटू हातचा गेला तर तोटा वीसच गुणांचा, आणि कोपरारक्षक गेला तर पस्तीसांचा. म्हणून आधी कोपरारक्षक मागावा. मोल ठरवताना एकूण आकडा पाहू नये, जागेवर दुसरा कोण मिळतो त्याच्याशी तुलना करावी. लाइनबॅकरला लोक उशिरा मागतात तेही याच हिशेबाने. तो कमी प्रतीचा नसतो, पण भरपूर पाडापाडी करणारे लाइनबॅकर अनेक असतात आणि पहिल्या-दहाव्यातले अंतर फार नसते.

लिलावात संघमालकांनाही हे कळले असावे. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा टप्पा सर्वांत आधी गाठला तो इराणच्या फझल अत्राचलीने, आणि तो डाव्या कोपऱ्यात खेळतो. २०२३ मध्ये इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याचे होते आणि विजेतेपद पुण्याला मिळाले. सर्वांत मोठी बोली मात्र त्या वेळीही चढाईपटू पवन सेहरावतवरच लागली होती.

पण तलासरीची तेरावी मुलगी या कोणत्याच मापात बसत नव्हती. तिच्या पकडीच कमी होत्या. तेव्हा मुलांनी मैदानाचा नकाशा वहीत काढला आणि प्रत्येक चढाई सर्वांत खोल कोठपर्यंत गेली तेथे ठिपका द्यायला सुरुवात केली. तीन सराव सामन्यांनंतर नकाशा पाहिला तर डावी बाजू ठिपक्यांनी काळी झाली होती आणि तिचा उजवा कोपरा जवळजवळ कोरा. तिच्या वाट्याला कोणी जातच नव्हते. भीतीमुळे न झालेल्या चढायांचे गुण वही देत नाही.

बाई खूश झाल्या. आम्ही मात्र थोडे थांबायला सांगितले. कोऱ्या कोपऱ्याचे दुसरेही एक कारण असू शकते. बहुतेक चढाईपटूंची एक ठरलेली बाजू असते. समोरच्या मुलींना त्या बाजूला जायची सवयच नसेल तर तेथे कोणीही उभे केले तरी कोपरा कोराच राहील. मग हे कळणार कसे? उत्तर आठवीतल्या त्याच मुलाने दिले : तिला डाव्या कोपऱ्यात उभे करा, डावीकडचीला उजव्या, आणि पुन्हा ठिपके द्या. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो, फक्त त्याला मोठे नाव देतो. डाव्या कोपऱ्याची सवय नसल्याने ती सुरुवातीला चुकेल, म्हणून पहिला सामना धरू नये, असेही ठरले.

नावे पाठवायला बारा दिवस होते. आम्हांला मुंबईला परतावे लागले. आठवड्याने शाळेतून पाकीट आले. आत चार नकाशे होते. अदलाबदलीनंतर डावा कोपरा बराच मोकळा झाला होता, अगदी कोरा नव्हे. उजवीकडे ठिपके वाढले होते, पण डावीकडे पूर्वी होते तितके नाहीत. म्हणजे थोडी सवय आणि बरीचशी धास्ती, असा आमचा अर्थ आहे. चार सामन्यांवरून याहून अधिक ठामपणे बोलता येत नाही. नकाशांसोबत बारा नावांची यादी होती. तिचे नाव सातवे होते. खाली सरांनी लिहिले होते की दुसऱ्या हाताचा रकाना भरणाऱ्या मुली आता मुलांच्या संघाचीही वही ठेवू लागल्या आहेत, आणि आखीव कागद संपले आहेत, जमल्यास पाठवावेत.