दिपलेल्या डोळ्यांपुढचा रस्ता

रात्रीच्या वाहनप्रवासात प्रकाश हा चालकाचा मुख्य आधार असतो. मात्र तोच प्रकाश भलत्या दिशेने किंवा अवाजवी तीव्रतेने डोळ्यांवर आला, की त्याचा अडथळा होऊ लागतो. समोरच्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपतात तेव्हा डोळ्यांत काय घडते हे समजून घेतले, तर ध्यानात येते की खरा धोका त्या झगझगीत दिव्यापेक्षा दिव्याशेजारच्या, दिसेनाशा झालेल्या रस्त्यावर असतो.

डोळ्यांच्या मागील बाजूस असलेल्या प्रकाशसंवेदी पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या पेशी असतात : भरपूर उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी आणि मंद उजेडात काम करणाऱ्या शलाकापेशी. शलाकापेशींतील ऱ्होडोप्सिन हे रंगद्रव्य प्रकाशाने विघटित होते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते. त्यामुळे उजेडातून अंधारात गेल्यावर शंकुपेशी सुमारे १० मिनिटांत सरावतात, पण शलाकापेशींना पूर्ण क्षमता गाठण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. रात्री वाहन चालवताना या दोन्ही पेशींवर भिस्त असते आणि त्यांची ही सरावलेली अवस्था एखादा प्रखर झोत क्षणात बिघडवतो.

डोळे दिपण्याचे दोन परिणाम संभवतात. पहिल्यात केवळ अस्वस्थता असते, डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. दुसऱ्यात प्रत्यक्ष दृष्टी क्षीण होते. नेत्रभिंग आणि डोळ्यातील अन्य पारदर्शक भाग संपूर्ण निर्मळ नसल्यामुळे प्रखर प्रकाशाचा काही अंश त्यांतून जाताना विखुरतो व दृष्टिपटलावर पसरतो, आणि मग धुळकट काचेतून उन्हाकडे पाहताना पलीकडचे दृश्य फिके पडावे, तसा वस्तू व तिची पार्श्वभूमी यांच्यातील फरक पुसट होतो. मागचे दिवे बंद असलेला उभा ट्रक, गडद कपड्यांतला पादचारी, किंवा गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून परावर्तकाविना जाणारी उसाची ट्रॉली अशा वेळी नजरेतून निसटते. वयानुसार नेत्रभिंग गढूळ होत जाते व बाहुलीही लहान होते. परिणामी साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील व्यक्तीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, तर प्रकाशाचे विखुरणे मात्र वाढलेले असते. मोतीबिंदूची सुरुवात अनेकदा याच त्रासाने जाणवते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. दृष्टी सावरण्यास ३ सेकंद लागले, असे धरले तरी तेवढ्यात ५० मीटर रस्ता जवळजवळ न दिसताच मागे पडलेला असतो.

दिव्यांची रचना हा या प्रश्नाचा दुसरा भाग होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ नुसार, दिव्याचा झोत एकतर कायम खाली वळलेला असावा, जेणेकरून ८ मीटर अंतरावर व १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही, किंवा तो चालकाला खाली वळवता यावा. हॅलोजन दिव्याची परावर्तक वाटी तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेली असते. त्या वाटीत बाजारातला एलईडी बल्ब बसवला, की प्रकाशाचा उगम जागेवरून सरकतो आणि झोताची वरची कड विस्कटून प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे जास्त भार भरल्यानेही वाहनाचे नाक वर उचलले जाते व डिपरवर ठेवलेला दिवाही अप्परसारखा त्रास देतो.

चालकाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. समोरून वाहन येताच, तसेच पुढच्या वाहनाच्या मागे जाताना डिपर द्यावा. समोरचा झोत असह्य झाल्यास वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यावी. समोरची काच आतून-बाहेरून पुसलेली असावी, कारण तिच्यावरील तेलकट थरही प्रकाश विखुरतो. आतला दिवा विझवावा, मोबाइल व नकाशाच्या पडद्याचा उजेड कमी ठेवावा. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे एकूण प्रकाशच घटवतात, म्हणून त्यांवर विसंबू नये. मार्गांच्या दुभाजकांवर लावलेली कण्हेरीसारखी दाट झुडपे समोरचा झोत अडवतात. त्यांची निगा राखणे हे रस्तासुरक्षेचेच काम आहे.

आपल्या दिव्याने किती दूरचे दिसते, याची काळजी प्रत्येक चालक घेतो. त्याच दिव्यामुळे समोरच्याला काय दिसेनासे होते, याचीही जबाबदारी त्याच्यावरच येते, कारण दिपलेल्या डोळ्यांनी चालवले जाणारे ते वाहन काही क्षणांत त्याच्याच शेजारून जाणार असते.