वचनचिठ्ठी : एका स्वाक्षरीचे मोल

शंभर रुपयांची नोट दिवसातून अनेकदा हातात येते. परंतु तिच्यावरील एक ओळ क्वचितच वाचली जाते. धारकास शंभर रुपये अदा करण्याचे वचन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर त्या ओळीत देतात. कर्ज घेताना ग्राहक बँकेला जी ‘डी. पी. नोट’ लिहून देतो, तीही असेच एक वचन असते. फरक इतकाच, की येथे वचन देणारा ग्राहक स्वतः असतो. कर्जाच्या अनेक कागदांपैकी एक म्हणून घाईने स्वाक्षरी होणाऱ्या या चिठ्ठीचे स्वरूप प्रत्येक कर्जदाराने समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची कसोटी

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम ४ नुसार वचनचिठ्ठी लेखी व स्वाक्षरीत असावी लागते. पैसे देण्याचे वचन बिनशर्त, रक्कम निश्चित आणि पैसे घेणारी व्यक्तीही निश्चित असावी लागते. चलनी नोटांना मात्र या व्याख्येतून वगळले आहे. कायद्यातील उदाहरणे मोठी रंजक आहेत. ‘मागणी करताच एक हजार रुपये देईन’ अशी ऋणाची कबुली वचनचिठ्ठी ठरते. परंतु ‘माझ्या विवाहानंतर सात दिवसांनी पाचशे रुपये देईन’ हे लिखाण ठरत नाही, कारण विवाह होईलच असे नाही. पाचशे रुपयांसोबत आपला काळा घोडा देण्याचे वचनही कसोटीस उतरत नाही, कारण वचन केवळ पैशांचेच हवे.

हुंडी आणि वचनचिठ्ठी यांतही भेद आहे. हुंडीत एक जण दुसऱ्यास पैसे देण्याचा आदेश देतो. वचनचिठ्ठीत लिहून देणारा स्वतःच पैसे देण्याचे बंधन स्वीकारतो.

प्रमुख प्रकार

मागणी वचनचिठ्ठी म्हणजेच बँकेतील परिचित डी. पी. नोट. तिची रक्कम मागणी होताच देय असते. मुदती वचनचिठ्ठी ठरलेल्या मुदतीनंतर देय होते आणि तिला सवलतीचे तीन दिवस मिळतात. ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ या शब्दांनी अनेकांनी मिळून लिहून दिलेल्या चिठ्ठीत प्रत्येक जण संपूर्ण रकमेस जबाबदार असतो. मित्राच्या कर्जासाठी अशा चिठ्ठीवर स्वाक्षरी करणाऱ्याने ‘माझा वाटा निम्माच’ असा समज बाळगू नये.

मोठ्या कंपन्या अल्प मुदतीसाठी ‘कमर्शियल पेपर’ काढतात. भारतात १९९० मध्ये सुरू झालेला हा प्रकारही विनातारण वचनचिठ्ठीच होय. त्याची मुदत किमान सात दिवस व कमाल एक वर्ष असते. तो दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीस विकला जातो आणि मुदतीअंती पूर्ण मूल्य मिळते.

स्वाक्षरी करण्यापूर्वी

योग्य मुद्रांक लावलेल्या कोऱ्या अथवा अपुऱ्या कागदावर स्वाक्षरी करून तो दुसऱ्याच्या हाती दिल्यास, मुद्रांकाच्या मर्यादेत रक्कम भरून तो पूर्ण करण्याचा अधिकार प्रथमदर्शनी त्याला मिळतो. शिवाय, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत चिठ्ठी मोबदल्यापोटीच दिली असे न्यायालय गृहीत धरते. म्हणून रक्कम, दिनांक व व्याजदर लिहिलेले पाहिल्याविना स्वाक्षरी करू नये; बँक कर्मचाऱ्यांनीही ती घेऊ नये.

कर्मचाऱ्यांनी आणखी दोन गोष्टींचे भान ठेवावे. मुद्रांक अपुरा असलेली वचनचिठ्ठी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही आणि नंतर दंड भरूनही तो दोष दूर होत नाही. तसेच, मागणी वचनचिठ्ठीवर दावा करण्याची मुदत सामान्यतः तिच्या दिनांकापासून तीन वर्षे असते. मागणी केल्याच्या दिवसापासून नव्हे. ही मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने स्वाक्षरीनिशी लेखी ऋणकबुली दिल्यास त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. त्यामुळे अशी कबुली देणाऱ्यानेही तीवरील शिल्लक रक्कम आपल्या पासबुकाशी ताडून पाहावी.

वचन पुरे झाल्यावर

कर्ज फिटल्याच्या आनंदात एक गोष्ट बहुधा विसरली जाते. पैसे देण्यापूर्वी वचनचिठ्ठी पाहण्याचा आणि पैसे दिल्यावर ती परत घेण्याचा हक्क कलम ८१ ने देणेकऱ्यास दिला आहे. अखेरचा हप्ता भरल्यावर पावतीबरोबर ही चिठ्ठीही आठवणीने मागून घ्यावी. वचन पाळले गेले, याची ती सर्वांत बोलकी खूण आहे.