मोरारजी आणि एक न झालेली चौकशी
मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांचे नाव जुन्या मराठी घरांत आजही रागानेच निघते, आणि तो राग मला रास्त वाटतो.

1930 मध्ये डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. स्वच्छ हात, सूतकताई, साधी राहणी. आणि आपल्याला पटले तेच सर्वांच्या हिताचे, ही ठाम समजूत. ते गृहमंत्री असताना 1949 चा दारूबंदी कायदा आला. प्यायची तर प्रकृतीचे कारण दाखवून परमिट काढावे लागे. ज्याला ते जमेना, तो हातभट्टीकडे वळला. हप्तेबाजी बोकाळली, तरी मोरारजी हटले नाहीत. ‘परमिट रूम’ची पाटी मुंबईत अजून दिसते.

हा हट्ट दारूपुरताच राहिला असता, तर लोकांनी तो एव्हाना माफ केला असता. 1952 मध्ये ते मुख्यमंत्री झाले. 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईसह मराठी भाषिकांचे राज्य, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र, मागत विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. 16 जानेवारी 1956 रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले आणि पुढचे काही दिवस गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून माणसे पडत राहिली. या लढ्यात एकूण शंभरावर बळी गेले. मोरारजींच्या लेखी ती दंगल होती आणि सरकारने कायदा राखला होता. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, त्यामागे मुंबईच्या प्रश्नाबरोबर गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याचा संतापही होता.

मोरारजी गुजराती होते म्हणून याला गुजराती-मराठी वैर म्हणणे मला पटत नाही. ऑगस्ट 1956 मध्ये गुजराती भाषिकांचे वेगळे राज्य, महागुजरात, मागणाऱ्या अहमदाबादच्या तरुणांवरही गोळ्या चालल्या. मोरारजी तिथे उपोषणाला बसले, तेव्हा लोकांनी आपणहून संचारबंदी पाळली आणि त्यांच्या सभेकडे पाठ फिरवली.

आणीबाणीत ऐंशीच्या घरातले मोरारजी दीड वर्षाहून अधिक काळ स्थानबद्ध होते, डगमगले नाहीत. 1977 मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या सरकारने आणीबाणीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी शहा आयोग नेमला, 44 व्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे हक्क पुन्हा भक्कम केले. याचे श्रेय त्यांना मनापासून द्यायला हवे. पण सरकारच्या अत्याचारांची चौकशी झालीच पाहिजे, हे त्यांना दिल्लीत पटले. फ्लोरा फाउंटनला ज्यांचे माणूस गेले, त्या घरांनी तेच मागितले तेव्हा पटले नव्हते.