मोटार आणि तिचा मालक : लेखांक सहावा – दुरुस्ती स्वहस्ते की मिस्त्रीच्या हाती?

मागील लेखांकात इंजिनातील वंगणतेलाच्या कार्याचा विचार केल्यावर, ते तेल मालकाने घरच्या अंगणात बदलावे की गाडी गॅरेजात न्यावी, हा प्रश्न ओघानेच पुढे येतो. त्याचा निवाडा बहुतेक लोक खर्चाच्या हिशेबावर किंवा स्वतःच्या उत्साहावर करतात. परंतु ज्या यंत्राच्या हवाली आपण कुटुंबातील माणसांचे प्राण करतो, त्याच्या बाबतीत ही दोन्ही प्रमाणे अपुरी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एके काळी मालकाचा अखत्यार बराच विस्तृत होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या १०८९ सीसीच्या गाडीचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर डोळ्यांना दिसत व हाताला लागत. प्लॅटिनम पॉइंटांमधील अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असलेली फट नीट करणे, जेटमधील कचरा फुंकून काढणे, ही कामे चार पाने, एक पक्कड आणि थोडी चिकाटी यांच्या बळावर कित्येक गृहस्थ रविवारी सकाळी उरकीत. पुढे २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली, आणि इंधन व ठिणगी यांचे नियमन संगणकाकडे गेले. आज इंजिनाचा इशारा-दिवा लागला असता संगणकातील दोषाची नोंद स्कॅनर लावून वाचावी लागते. तीही केवळ दिशा दाखविते, आणि नेमका कोणता भाग निकामी झाला आहे हे ठरविण्यास अनुभवच लागतो.

मग मर्यादा कोठे आखावी? काम फसले तर ते कोठे उघडकीस येईल, याचा विचार प्रथम करावा. ज्या कामातील चूक दारातच कळते ते मालकाने बिनदिक्कत करावे. ज्यातील चूक घाटाच्या उतारावर कळेल ते जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे. वायपरची पाती, एअर फिल्टर, फ्यूज, दिवे, ही कामे पहिल्या वर्गातील होत. बॅटरी बदलताना ऋण टोकाची तार आधी सोडवावी व शेवटी जोडावी, कारण गाडीचा सारा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो, आणि धन टोकावरील पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठा विद्युत्प्रवाह वाहून भाजण्याचा धोका असतो. तेल बदलल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून खाली पसरलेल्या कागदावर ठिबक पडते काय, हे पाहता येते. मात्र केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही कदापि शिरू नये, आणि जुने तेल गटारात ओतू नये.

ब्रेकची गोष्ट निराळी आहे. पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या द्वारे चाकांपर्यंत पोहोचतो, तो द्रव दाबाने जवळजवळ मुळीच आकुंचन पावत नाही म्हणून. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. परंतु हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेले म्हणजे हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. असे तेल अंगणात पेडल घट्ट ठेवील. पण बोरघाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापले, त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. स्टिअरिंग, सस्पेन्शन, स्फोटक द्रव्याने फुगणाऱ्या एअरबॅगा आणि विद्युत् मोटारींतील नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारा यांनाही हाच नियम लागू आहे.

मिस्त्रीकडे गाडी सोपविली म्हणून मालकाची जबाबदारी मात्र संपत नाही. आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावर, वळताना येतो की ब्रेक दाबताना, याचा तपशील त्याने टिपून न्यावा. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेला जुना भाग पाहण्यास मागावा. जो स्वतःच्या हाताने निदान फिल्टर तरी बदलतो, त्याला मिस्त्रीच्या कौशल्याची खरी किंमत कळते, आणि अवास्तव बिलही तोच ओळखू शकतो. ते बिल कलमवार कसे वाचावे, याचा विचार पुढील लेखांकात करू.