डिझेल थिजू नये म्हणून

आउग्सबुर्ग (जर्मनी), जानेवारी



नारायणगावहून टोमॅटो भरून निघालेला ट्रक असो की आंबेगावातला ट्रॅक्टर, डिझेल बारा महिने एकच, असे आपण धरून चालतो. रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली ज्या शहरात धडधडले, त्या आउग्सबुर्गमध्ये मात्र ऋतूप्रमाणे डिझेल बदलते.

डिझेलमध्ये मुळातच मेण असते. थंडी पडली की त्याचे बारीक कण धरतात आणि डिझेल गढूळ होते. पौषात आपल्याकडे बाटलीतले खोबरेल तेल थिजते, तसेच हे. टाकीतले डिझेल पुरते गोठण्याच्या आधीच मेण फिल्टरमध्ये अडकते. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही. म्हणून डिझेल किती थंडीपर्यंत फिल्टरमधून पार होते, हे इथे मोजतात. उन्हाळ्यात शून्य अंशाची हमी पुरते, १ ऑक्टोबरपासून उणे १० ची लागते, आणि १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर उणे २० ची. ही काळजी रिफायनरीने घ्यायची, ड्रायव्हरने रस्त्यात नव्हे. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

तरीही गाड्या अडतात, कारण कमी फिरणाऱ्या गाडीच्या टाकीत सप्टेंबरचे डिझेल शिल्लक असते. आमच्या गल्लीतल्या गॅरेजात अशी एक व्हॅन ओढून आणली होती. मेकॅनिकने फिल्टर उघडून दाखवला, तर कागदाच्या घड्यांत पांढरट, चिकट थर बसलेला. त्याने टाकीत काहीही ओतले नाही. गाडी उबदार शेडमध्ये ठेवली, फिल्टर बदलला. थंडीचे औषध मेण धरण्याआधी घालायचे, नंतर त्याचा उपयोग नाही, असे त्याचे म्हणणे. पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याची जुनी युक्ती तर आजच्या कॉमन रेल इंजिनांत करूच नये. त्यांच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते. टाकीखाली जाळ करणे म्हणजे जिवाशी खेळ.

इथे पंपावर ‘झिरो बघा’ म्हणणारे कोणी नसते. नळी आपणच उचलायची, भरायचे, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. नळीच्या रंगावर विसंबू नये, तिच्यावरची चिठ्ठी वाचावी. २०१८ पासून युरोपभर चौकोनातले बी-७ म्हणजे डिझेल, वर्तुळातले ई-५ किंवा ई-१० म्हणजे पेट्रोल. पेट्रोलची नळी बारीक असल्याने डिझेलच्या टाकीत सहज जाते, म्हणून चूक बहुधा तीच होते. तसे झाले तर चावीसुद्धा फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचे द्रावण जाते. ते डिझेलमध्ये पडले तरी हाच उपाय.

जुन्नर-मंचरकडून हिवाळ्यात लडाखला गाडी नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले, ते पानिपतच्या रिफायनरीत बनते. खालून भरलेली टाकी वर पोचेपर्यंत संपत आणावी, तिथले डिझेल भरावे, आणि गाडी रात्री उभी करण्याआधी थोडी चालवावी, म्हणजे नवे डिझेल फिल्टरपर्यंत पोचते.