थायलंडमधून काम करायचंय? आधी 180 हा आकडा लक्षात ठेवा



ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, वेबसाइट बनवणं अशी कामं करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक प्लॅन असतो: सहा महिने थायलंडला राहायचं आणि तिथूनच काम करायचं. जरूर करा. पण दुकानात जशी उधारीची वही वेगळी आणि रोकड वही वेगळी, तशा इथेही तीन वह्या आहेत: व्हिसा, कामाची परवानगी आणि कर. एकीत नोंद झाली म्हणजे तिन्हींत झाली, असं होत नाही.

वही पहिली: व्हिसा

जुलै 2024 पासून थायलंड रिमोट काम करणाऱ्यांना डीटीव्ही नावाचा व्हिसा देतं. तो 5 वर्षं चालतो आणि एका वेळी 180 दिवस राहता येतं. वय किमान 20 लागतं. खात्यात 5 लाख बाट, म्हणजे सध्याच्या दराने 12 लाख रुपयांच्या वर, दाखवावे लागतात. शिवाय नोकरीचा करार किंवा तुमच्या कामाचा पोर्टफोलिओ. खात्यातले पैसे तुमचेच राहतात, पण त्यासाठी धंद्याचं खेळतं भांडवल अडकवू नका.

वही दुसरी: कामाची परवानगी

हा व्हिसा थायलंडबाहेरच्या कामासाठी आहे. पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या क्लायंटचं काम चालेल. पण राहता तिथल्या कॅफेवाल्याचं इन्स्टाग्राम पैसे घेऊन सांभाळलंत, तर वेगळं वर्क परमिट लागतं. ते नसेल तर दंड होतो आणि देशाबाहेर रवानगीही होऊ शकते. दोन-चार हजारांच्या कामासाठी पासपोर्ट पणाला लावू नका.

वही तिसरी: कर

खरी गंमत इथे आहे. व्हिसा 180 दिवस राहू देतो. आणि एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस राहिलात की थायलंडच्या करखात्यासाठी तुम्ही तिथले रहिवासी होता! 1 जानेवारी 2024 पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न अशा रहिवाशाने थायलंडमध्ये आणलं, तर ते करपात्र धरलं जातं.

आता भारताचं बघा. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात 182 किंवा जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही इथले रहिवासी, आणि जगभरातल्या कमाईवर इथे कर.

हिशोब करू. जूनमध्ये गेलात, 180 दिवस राहून नोव्हेंबरच्या शेवटी परतलात. भारतात उरले 185 दिवस. म्हणजे एकाच वर्षात दोन्हीकडचे रहिवासी! भारत-थायलंड करारामुळे दुहेरी कर टाळता येतो, पण रिटर्न, पावत्या आणि सीएची फी हा व्याप मागे लागतोच. त्यापेक्षा 165-170 दिवसांत परत आलात तर थायलंडचे कर-रहिवासी होणं टळतं. मात्र त्याच कॅलेंडर वर्षात पुन्हा गेलात तर ते दिवसही त्यात मिळवले जातात, हे विसरू नका.

आणि एक. 182 पेक्षा कमी दिवस भारतात राहिलात म्हणजे आपोआप एनआरआय झालात, असं नाही. त्या वर्षात 60 दिवस आणि आधीच्या 4 वर्षांत मिळून 365 दिवस, असाही एक नियम आहे. कामासाठी परदेशी जाणाऱ्यांना त्यात सवलत मिळते, पण ती तुम्हाला लागू होते का हे सीएकडून पक्कं करून घ्या.

तिकीट काढण्याआधी एवढं करा

- दोन्ही देशांतले दिवस कॅलेंडरवर मांडा. भारताचं एप्रिल ते मार्च, थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर.
- पासपोर्टवरच्या प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. दिवसांचा पुरावा तोच.
- थायलंडमध्ये किती पैसे नेले, कधी नेले, याची नोंद ठेवा.
- जीएसटी नंबर असेल आणि परदेशी क्लायंट असतील, तर त्या वर्षाचं एलयूटी आधीच भरा.
- प्लॅन घेऊन सीएकडे जा, परत आल्यावर नव्हे, जाण्याआधी.

समुद्रकिनारी बसून काम करणं भारीच आहे. फक्त हिशोबाची वही बॅगेत असू द्या.